इंटरनेटवरचे बंद पाकीट

श्रोतेहो, पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांतला फरक तुम्हांला समजावून सांगायला नको. 'इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी' एवढाच मजकूर असला तर कार्ड पुरते. पण मुलीच्या सोयरिकीची बोलणी, भावकीतला वाद किंवा कर्जाचा आकडा लिहायचा असला, म्हणजे माणूस चार पैसे जास्त मोजतो आणि पाकीट घेतो. कार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो. पोस्टमन ते वाचीलच असे नाही. पण वाचता येते, एवढ्यानेच आपला हात आखडतो.

आता हातातल्या मोबाइलकडे पाहा. त्यावर तुम्ही बाजारभाव पाहता, सातबारा काढता, मुलाचा प्रवेश-अर्ज भरता, घरातल्या दुखण्याची माहिती शोधता. हा सगळा मजकूर तुमच्या फोनमधून निघतो, टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या यंत्रांतून आणि तारांतून शेकडो मैल फिरतो. मग तो जातो कसा? कार्डावरून, की पाकिटातून?

२०१५ साल संपत आले तेव्हाही जगात उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी निम्म्याहून अधिक पाने कार्डासारखी उघडी जात होती. आज ती बहुतेक सगळी पाकिटातून जातात. हा पालट कोणा एका सरकारच्या हुकमाने झाला नाही. काही मोजक्या माणसांनी एक किचकट, कंटाळवाणे काम यंत्राकडे सोपवले, त्याचे नियम सर्वांना वाचता येतील असे लिहून ठेवले आणि त्याचे मोल घेतले नाही, म्हणून तो झाला. ही हकिगत काय आहे, आणि तिच्यापासून आपण घ्यायचे काय, ते आज सांगतो.

आधी दोन शब्द ओळखीचे करून घेऊ. संकेतस्थळाची पाने ज्या यंत्रावर ठेवलेली असतात त्याला सर्व्हर म्हणतात. ती पाने तुमच्या फोनवर उघडून दाखवणारा जो प्रोग्राम असतो, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्स, त्याला ब्राउझर म्हणतात. ब्राउझर मागतो आणि सर्व्हर देतो. या देवघेवीची जी रीत आहे तिचे नाव एचटीटीपी. तिच्यात मजकूर उघडा जातो. त्याच रीतीला कुलूप घातले की ती झाली एचटीटीपीएस. शेवटचा 'एस' म्हणजे 'सुरक्षित'.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, पण आमचं वाचून कोणाला काय मिळणार?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तीन प्रसंगांनी देतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या एरिक बटलर नावाच्या प्रोग्रामरने 'फायरशीप' नावाचे एक छोटे साधन जाहीर केले. चहाच्या दुकानात किंवा विमानतळावर जिथे सर्वांसाठी उघडे वायफाय असते, तिथे बसून शेजारच्या माणसाचे फेसबुकसारखे खाते एका टिचकीने आपल्या हाती घेता येते, हे त्याने दाखवून दिले. ही चोरी शिकवण्याची हौस नव्हती. मोठमोठ्या कंपन्या परवलीचा शब्द विचारताना कुलूप लावतात आणि पुढच्या क्षणी ते काढून टाकतात, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा त्याचा उद्देश होता.

दुसरा प्रसंग २०१३ चा. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने जी कागदपत्रे बाहेर काढली, त्यांवरून कळले की इंटरनेटच्या मुख्य तारांतून वाहणारा मजकूर घाऊक प्रमाणात गोळा केला जातो. मग २०१४ च्या मे महिन्यात इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळाने, म्हणजे आयईटीएफने, असे लिहून ठेवले की सर्वांवर सरसकट पाळत ठेवणे हा इंटरनेटवरचा हल्ला समजावा, आणि पुढचे नियम करताना त्याला तोंड देण्याची तजवीज ठेवावी.

तिसरा प्रसंग आपल्याच देशातला, २०१५ चा. एका दूरसंचार कंपनीच्या जाळ्यावरून पाने पाहणाऱ्यांच्या पानांत, मूळ मालकाने न लिहिलेल्या ओळी मधेच घुसवलेल्या आढळल्या. उघड्या कार्डाचे हेच आहे. ते वाटेत नुसते वाचता येते असे नाही. त्यावर दुसऱ्याला चार ओळी लिहिताही येतात. आता कल्पना करा, बाजारभावाचा आकडा किंवा औषधाची मात्रा कोणी वाटेत बदलली तर?

मग कुलूप सगळ्यांनी आधीच का लावले नाही? कुलूप तर १९९५ च्या सुमारासच तयार होते. नेटस्केप नावाच्या कंपनीने ते आपल्या ब्राउझरमध्ये बसवले होते. अडचण कुलपाची नव्हती, ओळखीची होती.

ढोबळमानाने सांगायचे तर इंटरनेटवरचे कुलूप असे चालते. संकेतस्थळाचा मालक आपली उघडी कुलपे येईल त्याला वाटतो, आणि त्यांची एकुलती एक किल्ली स्वतःजवळ ठेवतो. तुम्ही तुमचा मजकूर पेटीत घालता आणि त्याचे कुलूप दाबून बंद करता. मग ती पेटी त्याच्यावाचून कोणाला उघडत नाही. पण मधल्या वाटेवर बसलेला एखादा लबाड म्हणाला, "मीच तुमची बँक, हे घ्या माझं कुलूप," तर? तुम्ही पेटी नीट बंद कराल आणि चोराच्याच हाती द्याल. म्हणून कुलूप खरोखर त्याच संकेतस्थळाचे आहे, हे सांगणारा कोणी तिसरा माणूस लागतो.

दुकानदाराचे किलोचे वजन खरे आहे की नाही, हे गिऱ्हाईक घरून तराजू आणून पाहत नाही. वजनावर सरकारी छाप आहे ना, तेवढे पाहते. तो छाप कायमचा नसतो. ठरलेल्या मुदतीनंतर वजन पुन्हा तपासून घ्यावे लागते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र म्हणजे असाच मुदतीचा छाप. तो देणाऱ्या संस्था जगात अनेक आहेत, आणि कोणत्या संस्थेचा छाप मानायचा याची यादी तुमच्या फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीच भरलेली असते.

हा छाप मिळवायचा म्हणजे पूर्वी काय काय करावे लागे, ते ऐका. आधी सर्व्हरवर किल्ली तयार करायची. मग ठराविक नमुन्यात अर्ज लिहायचा. काही डॉलरांपासून शेकडो डॉलरांपर्यंत जी असेल ती फी भरायची. संस्थेकडून ईमेल यायची, तिला उत्तर द्यायचे. प्रमाणपत्र आले की ते योग्य जागी ठेवायचे, सर्व्हरच्या मांडणीत चार ओळी बदलायच्या. एक ओळ चुकली तर संकेतस्थळ बंद. आणि वर्ष-दोन वर्षांनी मुदत संपायच्या आत हा सगळा खटाटोप पुन्हा. बँकेला हे परवडते. तिच्याकडे पगारी माणसे असतात. पण शाळेने, वाचनालयाने किंवा एखाद्या हौशी लेखकाने हे करावे कसे? त्यांनी ते केले नाही. त्यांची पाने उघडीच राहिली.

आणखी एक अडचण होती. चाळीत जशी शंभर बिऱ्हाडे आणि रस्त्यावरचा दरवाजा एक, तशी एकाच सर्व्हरवर शेकडो लहान संकेतस्थळे नांदत असतात. पाहुणा दारात येऊन उभा राहिला, पण कोणाकडे आला ते त्याने सांगितलेच नाही, तर छाप दाखवायचा कोणाचा? म्हणून कुलूप हवे असेल त्याने स्वतंत्र दरवाजा, म्हणजे स्वतंत्र आयपी क्रमांक, घ्यावा अशी पद्धत पडली. पाहुण्याने आधी बिऱ्हाडाचे नाव सांगावे, असा नियम २००३ मध्ये लिहिला गेला. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कधीच समजला नाही. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली, जुनी यंत्रे हळूहळू मागे पडली आणि चाळीतल्या बिऱ्हाडांचा मार्ग मोकळा झाला.

त्याच सुमारास दोन ठिकाणी एकच विचार चालला होता. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलामध्ये जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला, आणि दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेतले पीटर एकर्स्ली व मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक अॅलेक्स हाल्डरमन. दोघांचेही म्हणणे असे की प्रमाणपत्र फुकट मिळावे, आणि माणसाने मध्ये न पडता मिळावे. दोन्ही बाजू एकत्र आल्या. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नफा न घेणारी एक संस्था स्थापन झाली. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी तिची योजना जाहीर झाली आणि ३ डिसेंबर २०१५ पासून कोणालाही प्रमाणपत्र मिळू लागले. योजनेचे नाव 'लेट्स एन्क्रिप्ट', म्हणजे 'चला, कुलूप लावू या'. एकर्स्ली मूळचे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे. २ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले; पण आपण लावलेल्या झाडाची सावली किती दूर पडली, हे त्यांना पाहायला मिळाले.

फुकट वाटणे हे यातले सोपे काम होते. खरी हुशारी पुढे आहे. छाप देणाऱ्या संस्थेला एवढेच पाहायचे असते की अमुक नावाचे संकेतस्थळ खरोखर याच माणसाच्या ताब्यात आहे का. हे पाहायला माणूस कशाला हवा? समजा, मी म्हणालो की गावातले अमुक घर माझे आहे. तुम्ही म्हणता, "ठीक आहे. त्या घराच्या दारावर आज हा मी सांगतो तो आकडा खडूने लिहून ठेवा. मी येऊन पाहतो." घर माझ्या ताब्यात असेल तरच मला ते लिहिता येईल. नेमके हेच यंत्र यंत्राशी बोलते. सर्व्हरवरचा प्रोग्राम प्रमाणपत्र मागतो. संस्था त्याला एक लांबलचक, कधी न वापरलेली खूण देते आणि सांगते, 'ही अमक्या जागी ठेव.' तो ठेवतो. संस्था जाऊन पाहते आणि छाप देते. सारा व्यवहार काही सेकंदांत उरकतो. किल्ली सर्व्हर सोडून कुठेही जात नाही.

यात एक फट होती. पाहणाऱ्याच्या वाटेवरच कोणी खोटी पाटी लावून दुसऱ्या घरापुढे नेले तर? म्हणून फेब्रुवारी २०२० पासून ही संस्था जगातल्या निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच वेळी जाऊन पाहते. एक वाट फसवता येईल. चारी वाटा एकदम फसवणे अवघड.

या संभाषणाच्या नियमांना 'अॅक्मी' असे नाव आहे. ते नियम संस्थेने आपल्या कपाटात ठेवले नाहीत. आयईटीएफपुढे मांडले, जगभरच्या जाणकारांनी त्यांतल्या चुका काढल्या, आणि मार्च २०१९ मध्ये ते आरएफसी ८५५५ या क्रमांकाने खुले प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. कोणीही ते वाचावे, कोणीही त्याबरहुकूम प्रोग्राम लिहावा. यासाठी कोणाला पैसे द्यायचे नाहीत, कोणाची परवानगी मागायची नाही.

खुल्या प्रमाणाचे महत्त्व आपल्याला नव्याने शिकायला नको. आपल्याकडे एकेकाळी एका गावची पायली दुसऱ्या गावी चालत नसे. शेराचा अर्थही बाजाराबाजारागणिक बदलत असे. १९५६ च्या कायद्याने सर्व देशाला एक माप ठरवून दिले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने बाजारात येऊ लागली. माप एक झाले, म्हणजे व्यापारी एकच राहिला असे नव्हे. उलट गिऱ्हाइकाला एक दुकान सोडून दुसऱ्यात जाणे सोपे झाले. अॅक्मीचेही तसेच आहे. आज लेट्स एन्क्रिप्टखेरीज इतर संस्थाही याच नियमांनी प्रमाणपत्रे देतात. उद्या एक संस्था बंद पडली, तर सर्व्हरच्या मांडणीत एक पत्ता बदलायचा आणि दुसरीकडून छाप घ्यायचा.

ही सोय झाल्यावर संकेतस्थळांना जागा देणाऱ्या कंपन्यांनी, म्हणजे होस्टिंगवाल्यांनी, हे काम आपल्याकडे घेतले. एप्रिल २०१६ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉमने आपल्याकडच्या दहा लाखांहून अधिक स्वतंत्र नावांच्या संकेतस्थळांना एकदम कुलूप लावून टाकले. त्या मालकांना बोटही हलवावे लागले नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 'सर्टबॉट' नावाचा प्रोग्राम फुकट दिला. 'कॅडी' नावाचा सर्व्हर असा निघाला की तो सुरू केला की प्रमाणपत्र स्वतःच घेऊन येतो.

आता हिशेब पाहा. जून २०१७ मध्ये लेट्स एन्क्रिप्टकडे ११ पूर्णवेळ माणसे होती आणि त्यांच्या छापावर सुमारे ४ कोटी ६० लाख संकेतस्थळे चालत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये संकेतस्थळे जवळजवळ १९ कोटी २० लाखांवर गेली आणि माणसे झाली १३. वर्षाचा खर्च २६ लाख डॉलरांवरून साडेतेहतीस लाखांवर गेला. काम चौपट वाढले आणि माणसे वाढली दोन. त्याच काळात, फायरफॉक्सच्या मोजणीप्रमाणे, जगात कुलूप लावून उघडली जाणारी पाने शंभरात ५८ होती, ती ८१ झाली. यंत्राकडे काम सोपवणे म्हणतात ते याला.

पण यंत्रावर भरवसा ठेवायचा म्हणजे डोळे मिटायचे असे नाही. छाप देणारी संस्थाच लुटली गेली तर काय होते, हे २०११ मध्ये हॉलंडमध्ये दिसले. डिजिनोटार नावाच्या तिथल्या संस्थेत चोर शिरले आणि त्यांनी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढून घेतली. त्यांतले गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र इराणमधल्या लोकांची ईमेल पाहण्यासाठी वापरले गेले. संस्थेचे सप्टेंबर २०११ मध्ये दिवाळे निघाले. आपल्या देशातही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र-व्यवस्थेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले आणि ती व्यवस्था रद्द करावी लागली. अशा अनुभवांतून सार्वजनिक नोंदवहीची प्रथा आली. आता निघालेले प्रत्येक प्रमाणपत्र उघड्या वहीत टिपले जाते आणि ती वही कोणीही चाळू शकतो. एप्रिल २०१८ च्या अखेरीनंतर निघालेल्या प्रमाणपत्राची वहीत नोंद नसेल, तर क्रोम ते मानत नाही. चावडीवर सर्वांसमक्ष केलेला करार बदलता येत नाही, तसलाच हा प्रकार.

लेट्स एन्क्रिप्टच्या हातूनही चूक झाली. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस त्यांच्या प्रोग्राममध्ये एक दोष सापडला, आणि तीस लाखांहून अधिक प्रमाणपत्रे रद्द करण्याची पाळी आली. त्यांनी ते लपवले नाही, लगेच जाहीर केले. ४८ तासांच्या आत सतरा लाखांहून अधिक प्रमाणपत्रे बदलली गेली. कागद-अर्जाच्या जमान्यात हे शक्य नव्हते. पण उरलेली दहा लाखांवर तेवढ्या वेळात बदलली गेली नाहीत. ती एकदम रद्द केली तर लोकांची संकेतस्थळे अडतील, म्हणून संस्थेने आपला हात आवरता घेतला. काम जिथे पुरते यंत्राच्या हाती नसते, तिथे गाडी अशी अडते.

एक गोष्ट खेड्यातल्या फोनवाल्यांना थेट भिडणारी आहे. यादीतल्या ज्या जुन्या छापाच्या आधाराने लेट्स एन्क्रिप्टने सुरुवात केली, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार होती. २०२० च्या अखेरीस पाहणी झाली तेव्हा दिसले की शंभरातल्या जवळजवळ ३४ अँड्रॉइड फोनांत जुनी, ७.१ च्या आधीची आवृत्ती आहे आणि त्यांच्या यादीत नवा छाप नाही. म्हणजे ज्याला नवा फोन घ्यायची ऐपत नाही, त्याच्यासमोरच दारे बंद व्हायची! मग जुन्या छापाच्या मालकसंस्थेशी बोलणी करून आणखी तीन वर्षांची सवलत मिळवली गेली. ती सवलतही सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. तुमच्या घरात असा जुना फोन असेल आणि चांगली संकेतस्थळेही त्यावर 'असुरक्षित' म्हणून अडत असतील, तर कारण बहुधा हे आहे. फायरफॉक्स ब्राउझर छापांची यादी स्वतःबरोबर बाळगतो, म्हणून जुन्या फोनवर तो बसत असेल तर बसवून पाहावा.

प्रमाणपत्राची मुदत दिवसेंदिवस लहान होत चालली आहे. लेट्स एन्क्रिप्टने पहिल्यापासून ९० दिवस ठेवले. किल्ली चोरीला गेली तरी चोराला ती फार दिवस वापरता येऊ नये, हे एक कारण. दुसरे असे की तीन-तीन महिन्यांनी हाताने काम करायचा कंटाळा येऊन लोकांनी ते यंत्राकडे सोपवावे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले की ही मुदत पायरीपायरीने कमी करायची: मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. तेव्हा जो अजून वहीत तारीख टिपून दरवर्षी हाताने छाप बदलतो आहे, त्याची पुढे फार ओढाताण होणार.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. कुलूप असले म्हणजे घरधनी सज्जन असतो, असे नाही. छाप एवढेच सांगतो की तुमचे बोलणे वाटेत कोणी ऐकत नाही, आणि वर लिहिलेल्या नावाच्याच जागेशी ते चालले आहे. ते नाव घेणारा भामटा असेल, तर तुमचे बोलणे भामट्यापर्यंत अगदी सुरक्षित पोचेल! छाप फुकट झाला तसा तो भामट्यांनाही मिळू लागला. 'कुलूप पाहा आणि बिनधास्त व्हा' हा जुना उपदेश म्हणून आता टाकून द्यावा. पत्त्याशेजारचे ते कुलपाचे चित्र लोकांना भलताच दिलासा देते, हे पाहून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकले. शिवाय कुलूप मजकूर झाकते. तुम्ही कोणत्या नावाच्या संकेतस्थळाशी बोलता आहात, हे नाव मात्र वाटेवरच्याला अजून बहुतेक वेळा दिसते. पाकिटावरचा पत्ता उघडाच असतो ना, तसे.

मग करायचे काय? शिक्षकांनी वर्गात आणि इतरांनी घरात चार गोष्टी सांगाव्यात.

पहिली, पत्ता शेवटाकडून वाचावा. आपले सरकारी संकेतस्थळ 'जीओव्ही डॉट इन' असे संपते. हीच अक्षरे मध्ये कुठे तरी असतील आणि शेवटी भलतेच काही 'डॉट कॉम' असेल, तर ते सरकारी नव्हे. घराच्या पाटीवर 'पाटील' लिहिल्याने कोणी पाटील होत नाही.

दुसरी, ब्राउझरने 'हे सुरक्षित नाही' असे बजावले तर 'पुढे जा' हे बटण दाबू नये. निदान पैसे आणि परवलीचा शब्द द्यायचा असेल तिथे तर मुळीच नाही. मात्र आधी फोनमधली तारीख पाहावी. बॅटरी उतरून तारीख मागे गेली, की फोनला चांगला छापही मुदतीबाहेरचा वाटतो.

तिसरी, शाळेचे किंवा ग्रंथालयाचे संकेतस्थळ काढायचे असेल, तर जागा देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: "प्रमाणपत्र आपोआप नवं होतं का?" तो 'हो' म्हणाला तर ठीक. नुसत्या साध्या छापासाठी दरवर्षी वेगळे पैसे मागत असेल, तर त्यापेक्षा काय अधिक देतोस, हे त्याला विचारावे. आमच्या संकेतस्थळावर गुप्त काय आहे, असे म्हणू नये. मुलांची नावे, पालकांचे फोन, निकालाचे गुण हे सगळे त्यावरून जाते.

चौथी, फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढे सरकण्याआधी ते अडवता येण्याचा संभव लवकर कळवण्यावरच असतो.

श्रोतेहो, पाकीट ही पूर्वी पैसेवाल्यांची चैन होती. बँकेला आणि बड्या दुकानाला ते मिळत होते. शाळेला, पंचायतीला, एकट्या माणसाला मिळत नव्हते. ते सर्वांना मिळाले, कारण कोणी तरी बसून विचार केला की यातले कोणते काम माणसाने करायचे आणि कोणते यंत्राने. कोणाच्या हाती आपले गुपित द्यायचे, हा निवाडा मात्र त्यांनी यंत्राकडे दिलेला नाही. तो तुमच्याकडेच राहिला आहे, आणि तो नीट करता यावा म्हणून या चार गोष्टी सांगितल्या.